कवचाची जोडणी बिघडवणारं औषध कसं शोधायचं: हिपॅटायटिस बी विषाणूवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोकणात दगडांचा गडगा घालताना चुना-सिमेंट लावत नाहीत. गडगा घालणारा दगड उचलतो, ठेवून बघतो, डुगडुगला की काढतो आणि फिरवून पुन्हा बसवतो. दगड सहज काढता येतो म्हणूनच गडगा सरळ उभा राहतो. प्रत्येक दगड ठेवल्याबरोबर सिमेंटनं चिकटवला, तर पहिला चुकलेला दगड तिथेच पक्का होईल आणि पुढचं सगळं काम त्याच्या वाकडेपणावर चढेल.

हिपॅटायटिस बी विषाणूचं कवच असंच उभं राहतं. त्याच्या गाभा-प्रथिनाच्या दोन-दोन रेणूंच्या जोड्या होतात आणि अशा १२० जोड्या मिळून एक गोलसर कवच बनतं. काही थोडी कवचं ९० जोड्यांचीही असतात. प्रत्येक जोडी शेजारच्या चार जोड्यांना चिकटते, पण एकेका सांध्याची ताकद साधारण ३ ते ४ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे फारच कमी. सांधा कच्चा असतो म्हणून चुकीची बसलेली जोडी सुटून परत योग्य जागी बसू शकते. एकेक सांधा कच्चा असला तरी शेकडो सांधे एकत्र आल्यावर कवच चांगलं पक्कं होतं.

या विषयात नव्यानं येणारा विद्यार्थी बहुतेक वेळा सांधा तोडणारा रेणू शोधायला निघतो. माझं म्हणणं असं की सांधा घट्ट करणाराही शोधा. हिपॅटायटिस बीवर आजवर सापडलेले कवचविरोधी रेणू जवळजवळ सगळे सांधा मजबूत करणारेच आहेत. ते जोडणीचा वेग इतका वाढवतात की चूक दुरुस्त करायला उसंत राहत नाही. मग एकतर वाकडेतिकडे पत्रे आणि नळकांडी बनतात, नाहीतर विषाणूचा आरएनए आत शिरायच्या आधीच कवच मिटतं. ही एक गोष्ट मनाशी पक्की ठेवली, तर पुढच्या प्रत्येक पायरीवर प्रयोग कसा मांडायचा ते बदलतं.

आधी विषाणू आणि टप्पा ठरवा

‘जोडणी रोखणारं औषध’ हा शब्दप्रयोग फार ढिला आहे. एचआयव्हीत गॅग नावाचं लांब प्रथिन पेशीच्या पटलाखाली गोळा होतं, कण बाहेर पडतो, मग प्रोटिएझ त्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि तेव्हा कुठे आतलं शंकूच्या आकाराचं कवच तयार होतं. देवी वर्गातल्या विषाणूंमध्ये टेकोव्हिरिमॅट हे औषध कणाभोवतीचं बाहेरचं वेष्टन गुंडाळू देत नाही. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे देवीच्याच वर्गातल्या व्हॅक्सिनिया विषाणूची जोडणी थांबते, हे १९६९ पासून माहीत आहे. या सगळ्यांना एकच नाव दिलं जात असलं तरी प्रयोगशाळेत करायचं काम प्रत्येकाचं वेगळं आहे.

मी हिपॅटायटिस बी निवडायला सांगेन. जगात २०२२ साली सुमारे २५.४ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता आणि त्यातले जवळपास ३ कोटी भारतात होते. लस उत्तम आहे, पण संसर्ग जडलेल्याला तिचा उपयोग नाही. एन्टेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर ही औषधं विषाणूला दाबून ठेवतात, मुळासकट काढत नाहीत, त्यामुळे बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. दुसरं कारण रोजच्या कामाचं आहे. हे कवच परीक्षानळीत, जिवंत विषाणूशिवाय, निव्वळ प्रथिन आणि मीठ घेऊन जोडता येतं. साध्या जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही सुरुवात होते.

या विषाणूचा डीएनए कवचाच्या आतच तयार होतो. विषाणूचा आरएनए आणि पॉलिमरेझ (डीएनए लिहिणारं एन्झाइम) बंद झालेल्या कवचात असतात आणि तिथेच आरएनएवरून डीएनए लिहिला जातो. म्हणून कवच रिकामं राहिलं, तर प्रजननाचा कारखानाच बंद.

प्रथिन हातात घ्या

पूर्ण गाभा-प्रथिन १८३ अमिनो आम्लांचं असतं (काही जीनोटाइपमध्ये, म्हणजे विषाणूच्या जनुकीय उपप्रकारांत, १८५). शेपटीचा भाग आर्जिनिननं भरलेला असून तो आरएनए धरतो. जोडणीपुरती पहिली १४९ अमिनो आम्लं पुरतात. या तुकड्याला सीपी-१४९ म्हणतात. तो ई. कोलाय जीवाणूत भरपूर बनतो आणि जीवाणूच्या आतच त्याची कवचं होतात.

पेशी फोडा, अमोनियम सल्फेटनं प्रथिन खाली बसवा आणि मोठ्या छिद्रांच्या जेल-स्तंभातून कवचं वेगळी करा. मग साधारण ३ मोलर युरियात कवच सोडवून जोड्या मोकळ्या करा आणि दुसऱ्या स्तंभातून युरिया काढून टाका. मीठ कमी ठेवलं की जोड्या सुट्या राहतात. मीठ १५० ते ३०० मिलिमोलरपर्यंत नेलं की कवच जमायला लागतं.

यात एक गोष्ट विद्यार्थी टाळतात. प्रत्येक नवी तुकडी वापरण्याआधी थोडं प्रथिन मीठ घालून जोडून बघा आणि किती टक्के कवचात गेलं ते स्तंभावर मोजा. युरियातून आलेल्या प्रथिनातलं काही पुन्हा कधीच जोडलं जात नाही. हे मेलेलं प्रथिन प्रत्येक तुकडीत वेगळ्या प्रमाणात असेल, तर महिन्यापूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळणार नाहीत आणि दोष रेणूला दिला जाईल. ६१ व्या जागेवरच्या सिस्टीनकडेही लक्ष असू द्या. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की जोडणीचा वेग बदलतो, म्हणून ते रोखणारं डीटीटी ताजं घाला. जोड्यांच्या छोट्या-छोट्या कुप्या करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक कुपी एकदाच वितळवायची.

चाळणी: दोन्ही दिशांना बघणारी

शेकडो-हजारो रेणू तपासायचे तर झटपट मोजता येणारी खूण लागते. यासाठी एक सुंदर युक्ती आहे. सीपी-१४९ च्या टोकाला, १५० व्या जागी, एक सिस्टीन जोडायचं आणि त्यावर बोडिपी हा चमकणारा रंग चढवायचा. कवच बनलं की ही टोकं कोपऱ्यांवर अगदी जवळजवळ येतात, रंगाचे रेणू एकमेकांची चमक मारतात आणि प्रकाश उतरतो. चमक जितकी कमी, तितकी जोडणी जास्त. २००६ साली ॲडम झ्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीनं रेणू चाळून दाखवले.

मीठ किती ठेवायचं यावर अख्ख्या चाळणीचं भवितव्य ठरतं. मीठ भरपूर ठेवून सगळं प्रथिन कवचात जाऊ दिलंत, तर सांधा घट्ट करणारा रेणू दिसणारच नाही, कारण वाढायला जागाच उरलेली नसते. मीठ फारच कमी ठेवलंत, तर सांधा तोडणारा रेणू सुटतो. म्हणून आधी मिठाचा चढता क्रम लावा, जोडणी अर्ध्याच्या आसपास होते ती जागा शोधा आणि चाळणी तिथे लावा. अशा मध्यावर ठेवलेल्या चाळणीत चमक वर गेली तरी कळतं आणि खाली गेली तरी कळतं. अनेकांचं पहिलं वर्ष इथेच वाया जातं, म्हणून मी यावर इतका अडून बसतो.

प्रत्येक पाटीवर (बारीक खड्ड्यांच्या प्लेटवर) पूर्ण जोडलेल्या आणि अजिबात न जोडलेल्या प्रथिनाचे किमान आठ-आठ खड्डे ठेवा आणि त्यांवरून झेड-प्राइम, म्हणजे चाळणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा, काढा. तो ०.५ च्या वर असेल तरच पाटी धरा. रेणू ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ सगळीकडे सारखं, शक्यतो १ टक्क्यापर्यंत. ओळखीचा रेणू म्हणून बे ४१-४१०९ ठेवा. हा हेटेरोॲरिलडायहायड्रोपिरिमिडिन वर्गातला रेणू २००३ साली प्रसिद्ध झाला आणि या सगळ्या क्षेत्राचं दार त्यानंच उघडलं.

आता खोटे होकार. काही रेणू स्वतःच चमकतात, काही रंगाची चमक गिळतात. असे रेणू, रंग लावलेलं पण जोडणी न होणारं प्रथिन घेऊन वेगळे काढा. काही रेणू पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे बारीक गोळे होतात आणि प्रथिन त्या गोळ्यांना चिकटून बसतं. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ) घालून प्रयोग पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर रेणू सोडून द्या, त्याच्यावर जीव लावू नका. ९० अंशांतून विखुरलेला प्रकाश मोजणं ही दुसरी, स्वतंत्र तपासणी म्हणून चांगली, पण तिथेही न विरघळलेला रेणू कवचासारखाच प्रकाश विखुरतो. म्हणून प्रथिनाशिवाय नुसत्या रेणूची नळी दर वेळी लावा.

डोळ्यांनी बघा

चाळणीतून उरलेले पंधरा-वीस रेणू घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जा. युरॅनिल ॲसिटेटनं रंगवलेली साधी जाळी पुरते, त्यासाठी महागडं क्रायो-यंत्र लागत नाही. यात दोन जाती लगेच ओळखू येतात. एका जातीच्या रेणूंनी कवचाऐवजी फाटके पत्रे, मोठे वेडेवाकडे गोळे, उघड्या नळ्या दिसतात. यांना कॅम-ए म्हणतात (कॅम म्हणजे कवचाची जोडणी बदलणारा रेणू) आणि बे ४१-४१०९ यातलाच. दुसऱ्या जातीत कवचं अगदी नीटनेटकी, गोल असतात, पण पेशीत ती रिकामी निघतात. ही कॅम-ई जात. एनव्हीआर ३-७७८ सारखी सल्फामॉइलबेन्झामाइड्स यात येतात.

परीक्षानळीत नीटनेटकं कवच दिसलं म्हणून रेणू टाकून देऊ नका. कॅम-ईचा सगळा पराक्रम पेशीतच दिसतो, कारण रिकामं राहण्यासाठी आधी आत जाण्यासारखं काहीतरी आसपास असायला हवं.

पेशींकडे जाण्याआधी स्वतःची काळजी

इथपर्यंत संसर्गाचा धोका नव्हता. इथून आहे. हिपॅटायटिस बी विषाणू वाळलेल्या डागातही किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. काम जैवसुरक्षा पातळी-२ मध्ये, आणि खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं लशीचे तिन्ही डोस घेतलेले हवेत. डोस घेतले एवढ्यावर थांबू नका. रक्तातली प्रतिपिंडं १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककं प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आहेत का ते तपासून घ्या. काहींच्या शरीरात लस नीट लागू पडत नाही आणि ते चाचणीशिवाय कळत नाही. हे सफाई करणाऱ्या ताई-दादांनाही लागू आहे, आणि त्यांच्या लशीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

पेशीतली कसोटी

हेपजी२.२.१५ या पेशी सतत विषाणू बनवतात. हेपएडी३८ मध्ये टेट्रासायक्लिन काढलं की विषाणू सुरू होतो, त्यामुळे रेणू जोडणीच्या आधी घातला की नंतर, हे आपल्या हातात राहतं. कवचाच्या कामाला ही दुसरी जास्त सोयीची.

तीन मोजमापं एकत्र हवीत. पेशींबाहेरच्या द्रवातला विषाणूचा डीएनए क्यूपीसीआरनं (डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या पद्धतीनं) मोजा. डीएनएझ एन्झाइमनं डीएनए पचवून, मग उलटप्रतिलेखन करून विषाणूचा आरएनए मोजा. आणि पेशींचा अर्क न उकळता ॲगरोज जेलवर चालवून कवचाची पट्टी बघा. एन्टेकाव्हिर डीएनए उतरवतं पण आरएनए तसाच बाहेर येत राहतो, कारण आरएनए कवचात भरणं ते थांबवत नाही. खरा कवच-रेणू डीएनए आणि आरएनए दोन्ही उतरवतो. कॅम-ई असेल तर कवचाची पट्टी जागेवर राहते, कॅम-ए असेल तर फिकी होते किंवा नाहीशी होते. एका आठवड्याच्या या प्रयोगातून रेणू कुठे काम करतो याचं बरंचसं उत्तर मिळतं.

सोबत पेशींची जिवंतता मोजाच. अर्ध्या पेशी मरतील ती मात्रा भागिले विषाणू अर्धा होईल ती मात्रा, हा निर्देशांक सुरुवातीच्या रेणूसाठी शंभराच्या वर असावा असा माझा आग्रह असतो. प्रयोग ४० टक्के मानवी सीरम घालूनही करा. तेलकट रेणू सीरममधल्या प्रथिनांना चिकटतात आणि नॅनोमोलरमध्ये दिसलेली ताकद मायक्रोमोलरवर घसरते.

पुढचा प्रयोग एनटीसीपी हा विषाणूला आत घेणारा ग्राहक असलेल्या हेपजी२ पेशींत किंवा मानवी यकृतपेशींत, म्हणजे जिथे विषाणू बाहेरून आत शिरतो तिथे. काही कवच-रेणू संसर्गाच्या वेळीच घातले तर आत येणारं कवच अवेळी फोडतात आणि केंद्रकात सीसीसी-डीएनए हे विषाणूचं कायमचं बीज बनू देत नाहीत. तोच रेणू चार दिवसांनी घातला तर बीज तसंच राहतं. दोन्ही वेळा घालून बघा आणि एचबीएस-अँटिजेन हे विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिनही मोजा. माणसाच्या गुणसूत्रात घुसलेल्या विषाणूच्या तुकड्यांमधून हा अँटिजेन कवचाशिवायही बनत राहतो, त्यामुळे तो उतरला नाही म्हणून घाबरू नका. उतरेल असं वचन मात्र कुणाला देऊ नका.

खोबण ओळखा आणि विषाणूच्या पळवाटा आधीच बघा

दोन जोड्या जिथे भेटतात तिथे एक खोबण आहे. रेणू तिच्यात बसतो आणि शेजारच्या जोडीच्या अंगावर रेलतो, म्हणूनच सांधा घट्ट होतो. स्फटिक मिळवायचा तर वाय१३२एफ हा बदल केलेलं प्रथिन घ्या. ते पूर्ण कवच करत नाही आणि रेणूसकट त्याचे स्फटिक बनतात. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बेंगळुरूची राष्ट्रीय सुविधा आहे, वेळेचा अर्ज लवकर करा.

खोबणीतली टी३३एन सारखी बदललेली प्रथिनं स्वतः बनवून रेणू त्यांच्यावर चालवा. हिपॅटायटिस बी पेशींत महिनोन्‌महिने वाढवून प्रतिकार उगवण्याची वाट बघणं एचआयव्हीइतकं सोपं नाही, म्हणून हा मार्ग जास्त भरवशाचा. शिवाय या विषाणूचे ए ते जे असे दहा जीनोटाइप आहेत. भारतात डी आणि ए जास्त, पूर्वेकडे सी. प्रयोगशाळेत सोयीनं मिळणाऱ्या एकाच जीनोटाइपवर सगळी ताकद सिद्ध करू नका.

हे किती महत्त्वाचं आहे ते बेव्हिरिमॅटच्या गोष्टीतून कळतं. जांभळाच्या जवळच्या नात्यातल्या, सिझिजियम क्लॅव्हिफ्लोरम या झाडाच्या पानांत बेट्युलिनिक आम्ल सापडलं आणि त्यावरून हा एचआयव्हीविरोधी रेणू बनला. गॅगचा शेवटचा काप तो होऊ देत नसे, त्यामुळे कण अपक्वच राहत. कल्पना देखणी होती. पण माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं की बऱ्याच रुग्णांच्या विषाणूत त्या कापाजवळच आधीपासून नैसर्गिक बदल असतात आणि त्यांच्यावर औषध चालत नाही. २०१० साली त्याचं काम थांबलं. हा प्रतिकार औषधानं घडवलेला नव्हता, तो आधीच रुग्णांमध्ये होता. उपलब्ध जनुकक्रम एकाखाली एक मांडून खोबणीतलं प्रत्येक अमिनो आम्ल किती बदलतं ते बघायला एक संगणक आणि दोन दिवस पुरतात. ते दोन दिवस पहिल्या वर्षातच द्या.

रेणूचं औषध करताना

इथे रसायनशास्त्रज्ञ नसेल तर गाडी अडते. विद्राव्यता, यकृताच्या मायक्रोसोममध्ये टिकाव, हृदयाच्या एचईआरजी मार्गिकेवरचा परिणाम, या नेहमीच्या चाचण्या आहेत आणि त्या कशा करायच्या हे कुठल्याही औषधरसायनशास्त्राच्या गटाला ठाऊक असतं. मी फक्त यकृताबद्दल बोलेन. या वर्गाच्या रेणूंनी यकृतावर वारंवार ताण दाखवला आहे. एबीआय-एच२१५८ या रेणूची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२१ साली एएलटी (यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) वाढल्यामुळे थांबवावी लागली. आजारी यकृतालाच द्यायचं औषध यकृताला त्रास देत असेल, तर ते लवकर कळणं रुग्णाच्या भल्याचं. मानवी यकृतपेशींवर दोन-तीन आठवडे चालणारी विषारीपणाची चाचणी प्राण्यांच्या आधी लावा. तीन दिवसांच्या चाचणीवर समाधान मानू नका.

प्राण्यांत अडचण अशी की साध्या उंदराला हा विषाणू लागत नाही. एएव्ही या निरुपद्रवी वाहक विषाणूमधून हिपॅटायटिस बीचा जीनोम दिलेला उंदीर बहुतेक कामाला पुरतो. मानवी यकृतपेशी रुजवलेला उंदीर महाग, पण संसर्गाच्या सुरुवातीचा परिणाम बघायचा तर तोच लागतो. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी यायला वेळ लागतो, अर्ज पेशींचं काम सुरू असतानाच टाका.

न विरघळणं हा दर वेळी दोषच असतो असंही नाही. एचआयव्हीवरचं लेनाकापाव्हिर याचं ठळक उदाहरण. त्याच्या रेणूत फ्लोरिनचे दहा अणू आहेत आणि ते पाण्यात जेमतेम विरघळतं. गोळीसाठी ही अडचण, पण कातडीखाली टोचलं की तिथून इतकं सावकाश सुटतं की सहा महिन्यांतून एकदा पुरतं. एचआयव्हीचं शंकूसारखं कवच सुमारे १,५०० प्रथिनांचं. लेनाकापाव्हिर त्यातल्या दोन शेजाऱ्यांच्या मधल्या खोबणीत बसतं, कवचाचा केंद्रकात जाण्याचा मार्ग बिघडवतं आणि नव्या कणांची जोडणीही बिघडवतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत २०२४ साली हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. १२० देशांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले, त्यात पुण्याची एमक्युअरही आहे.

माणसांपर्यंत नेताना काय मोजायचं

हिपॅटायटिस बीमध्ये कवच-औषधानं रक्तातला डीएनए आणि आरएनए भराभर उतरतो. हे व्हेबिकॉर्व्हिर या कवच-औषधासह अनेक रेणूंनी दाखवलं. पण २०२० साली व्हेबिकॉर्व्हिर आणि जुनं औषध दोन्ही थांबवून बघितलं, तेव्हा जवळजवळ सगळ्या रुग्णांत विषाणू परतला. केंद्रकातलं बीज शिल्लक होतं. त्या रुग्णांनी विषाणू गेला असेल या आशेनं गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांच्यामुळे आपल्याला कळलं की उपचार चालू असतानाचे सुंदर आलेख पुरेसे नाहीत.

म्हणून मानवी यकृतपेशींतल्या शेवटच्या प्रयोगात रेणू आणि टेनोफोव्हिर एकत्र द्या, मात्रांची पाटी चौकटीसारखी भरा आणि मग दोन्ही औषधं धुऊन काढा. तीन आठवडे वाट बघा. दर तिसऱ्या दिवशी द्रव काढून डीएनए आणि आरएनए मोजा आणि शेवटी केंद्रकातला सीसीसी-डीएनए काढा. तो काढताना सैल आणि रेषीय डीएनए एन्झाइमनं आधी खाऊन टाका, नाहीतर क्यूपीसीआर सगळंच बीज म्हणून मोजेल. धुतल्यानंतर डीएनए कितव्या दिवशी वर यायला लागतो, तो दिवस वहीत लिहा. दोन रेणूंमधून एक निवडायची वेळ आली की मी ताकदीच्या आकड्याआधी या दिवसाकडे बघतो.